कार्ड बदललं, पान हललं नाही

गणपती उठले की डीटीपीवाल्याला उसंत नसते. दिवाळी अंकांची पानं लागत असतात, जाहिराती शेवटच्या दिवसापर्यंत येत राहतात, आणि नेमक्या याच काळात इनडिझाइन रुसतं. पान पुढे सरकवलं की चित्रं आधी धूसर, मग तुकड्यातुकड्यांनी उमटतात. झूम केलं की क्षणभर सगळं थिजतं. अशा वेळी जो भेटेल तो एकच सल्ला देतो, ग्राफिक्स कार्ड टाका. पुण्यातल्या एका संगणक विक्रेत्याने प्रस्तुत लेखकाला हाच सल्ला दिला आणि बऱ्यापैकी महागाचं कार्ड गळ्यात मारलं. कार्ड नकली नव्हतं, बिघडलेलंही नव्हतं. ज्या कामासाठी ते मागितलं होतं, त्या कामात त्याचा उपयोग नव्हता, एवढंच.

विचारणा मोघम नव्हती. विंडोज, इनडिझाइन, फोरके मॉनिटर, रंगीत पानांचा मोठा अंक, मराठी युनिकोड मजकूर हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारलं होतं. उत्तर आलं, ‘एकदम मक्खन चालेल, सर.’ कार्ड बसलं, पान होतं तसंच अडखळत राहिलं. फोन केला तेव्हा सांगण्यात आलं, ड्रायव्हर नवा टाका. टाकला. मग सांगितलं, विंडोजच नव्याने टाका. ऐन कामात तेही झालं. त्यानंतर सूर बदलला. ‘सर, तुमच्या फाइलीच जड आहेत. दुसऱ्या कुणाची तक्रार नाही.’ वर्षानुवर्षं पानं लावणाऱ्या माणसाला त्याच्या फाइली जड आहेत, असं सांगणारा हा मुलगा आयुष्यात एकदाही इनडिझाइन उघडून बसला नव्हता. हे त्यानेच पुढे बोलता बोलता सांगितलं.

खरा प्रकार कळायला कुणा तज्ज्ञाची गरज पडली नाही. विंडोज १० मध्ये २०१७ सालापासून टास्क मॅनेजरमध्येच ग्राफिक्स कार्डाचा आलेख दिसतो. एका बाजूला इनडिझाइन, दुसऱ्या बाजूला तो आलेख असं मांडून पानं भराभर पुढेमागे सरकवली, झूम केलं, चित्रांच्या चौकटी ओढल्या. कार्डाची रेघ तळाशी झोपलेली. मधूनच एखादी लहर यायची ती विंडोज स्वतः पडदा रंगवतं त्याची. प्रोसेसरच्या आलेखावर उजवी कळ दाबून ‘लॉजिकल प्रोसेसर’ हे दृश्य निवडलं, तेव्हा एखाददुसरा चौकोन उसळत होता आणि बाकीचे निवांत होते. एकूण आकडा जेमतेम १२-१३ टक्के. हाच आकडा दाखवून विक्रेता म्हणत होता, ‘बघा, प्रोसेसर मोकळा आहे.’ आठ भागांतला एक भाग पूर्ण भरला, तर सरासरी साडेबारा टक्केच येणार. हे गणित कळत नसेल त्याने यंत्रं विकू नयेत.

मग अडोबीने स्वतःच छापलेल्या इनडिझाइनच्या यंत्रविषयक अटी वाचल्या. ‘जीपीयू परफॉर्मन्स’ या सोयीपुढे स्पष्ट लिहिलं होतं, मॅक हवा, किमान एक जीबी व्हिडिओ मेमरी हवी आणि ‘मेटल’ चालायला हवं. मेटल हे अ‍ॅपलचं तंत्र आहे. विंडोजवाल्यांसाठी ती सोय नव्हतीच. विंडोजवर इनडिझाइन वापरणारे वर्षानुवर्षं तिची मागणी करत आले आहेत. विक्रेत्याला ही ओळ सापडायला दोन मिनिटंही लागली नसती.

गैरसमज कुठून येतो तेही समजण्यासारखं आहे. फोटोशॉप २००८ च्या सीएस४ आवृत्तीपासून ग्राफिक्स कार्डाची मदत घेतं. इलस्ट्रेटरमध्येही कार्ड उपयोगी पडतं. फाइलीच्या टॅबवर ‘जीपीयू प्रिव्ह्यू’ असे शब्द दिसले की ते कामाला लागलं आहे, असं ओळखावं. व्हिडिओ संकलनात तर कार्डाशिवाय पान हलत नाही. त्यावरून ‘अडोबी म्हटलं की कार्ड’ असं समीकरण दुकानांत रूढ झालं आहे. पुस्तकाची पानं लावणारं सॉफ्टवेअर मात्र वेगळ्या कुळातलं आहे. १९८५ साली पेजमेकर आलं, १९९९ मध्ये इनडिझाइन. या सॉफ्टवेअरचा मुख्य भार मजकुराच्या मांडणीचा असतो. इनडिझाइनचा परिच्छेद-कंपोझर एकेक ओळ सुटी न पाहता सबंध परिच्छेद तोलतो. शेवटच्या ओळीत एक शब्द वाढला तर पहिल्या ओळीची तोडही बदलू शकते. त्यात देवनागरीची जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटीची उलटापालट. हा हिशेब प्रोसेसर करतो, आणि त्याचे बरेचसे टप्पे एकामागून एकच करावे लागतात. म्हणून इथे जास्त कोअरपेक्षा एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो. खर्च करायचाच असेल, तर तो तिथे, रॅमवर आणि एसएसडीवर करावा.

काहीजण म्हणतील, मग सॉफ्टवेअर बदला. २०१९ साली आलेलं अफिनिटी पब्लिशर ग्राफिक्स कार्डाचा उत्तम उपयोग करतं, आणि १.९ आवृत्तीपासून विंडोजवरही. पण दुसऱ्या आवृत्तीपर्यंत त्यात देवनागरीची जोडाक्षरं धड जुळत नव्हती. वेगाने फिरणारं पान आणि मोडलेली अक्षरं, हा सौदा मराठी अंकाला परवडणारा नाही. स्क्रायबसच्या १.६ आवृत्तीत युनिकोड मराठी जुळते, मात्र पान रंगवण्याचं काम तिथेही प्रोसेसरकडेच आहे.

पान मोकळं झालं ते शेवटी पैसे न लागणाऱ्या गोष्टींनी. ‘डिस्प्ले परफॉर्मन्स’ कायम ‘हाय क्वालिटी’वर ठेवलेला असेल, तर प्रत्येक चित्र मूळ फाइलीतून उलगडावं लागतं. ‘टिपिकल’वर आणलं की हलकी प्रतिमा पुरते, आणि छपाईच्या दर्जावर काही परिणाम होत नाही. लाइव्ह प्रीफ्लाइट पान लावताना बंद ठेवावं आणि पीडीएफ काढण्याआधी न विसरता चालू करावं. पेजेस पॅनलमधली पानांची छोटी चित्रं बंद करावीत. ‘लाइव्ह स्क्रीन ड्रॉइंग’ ‘डिलेड’वर ठेवावं. चित्रांच्या लिंक नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रात किंवा पेनड्राइव्हवर असतील, तर आधी सगळं स्वतःच्या एसएसडीवर आणावं. महिनोनमहिने तीच फाइल वापरात असेल, तर ती आयडीएमएलमध्ये काढून पुन्हा उघडावी. आत साठलेला कचरा बराच निघून जातो. अंक मोठा असेल तर एकाच फाइलीत सगळा न कोंबता लेखवार फाइली करून ‘बुक’मध्ये बांधाव्यात.

फोरके मॉनिटरवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण इथे खरोखर जोडणीत गोम असू शकते. एचडीएमआय १.४ वरून फोरके चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. माउस जड वाटतो, पान ओढल्यासारखं हलतं आणि दोष सॉफ्टवेअरला लागतो. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. विंडोजच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये हा आकडा दिसतो. जुन्या यंत्राचं पोर्टच १.४ चं असेल, तर त्यापुरतं साधं, स्वस्त कार्ड घेण्यात अर्थ आहे. आणि कार्ड लावल्यावर मॉनिटरची वायर कार्डाच्याच पोर्टमध्ये आहे ना, तेही पाहावं. ती मदरबोर्डला लावून निघून जाणारे तंत्रज्ञ आहेत.

मुखपृष्ठं, फोटोशॉप, इलस्ट्रेटर यांसाठी कार्ड घ्यायचं असेल, तर नुसत्या नावावर जाऊ नये. जीटी १०३० या एकाच नावाखाली जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा दोन मेमरीची कार्डं विकली गेली. पहिलीचा डेटावेग सेकंदाला ४८ जीबी, दुसरीचा १७ जीबीच्याही आत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबल्यावर दिवसरात्र राबलेली कार्डंही जुन्या बाजारात आली. वापरलेलं कार्ड घेताना जीपीयू-झेड हे मोफत साधन चालवावं. जुनी चिप नव्या नावाने खपवली असेल, तर बऱ्याचदा ते नावापुढे ‘फेक’ असं दाखवतं. बाकी नेहमीचंच. बॅकअप ठेवा, अंक चालू असताना ड्रायव्हर बदलू नका.

आणि विचारायचं ते लेखी विचारा, पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही’ असं दटावून परत पाठवण्याची पद्धत आहे. या विक्रेत्यानेही तेच केलं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तसं म्हणत नाही. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्यातल्या ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. घरच्या घरी एकट्याने डीटीपी करणाऱ्या कितीतरी बायका आणि पुरुष यात बसतात. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार फुकट नोंदवता येते. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क नाही. वस्तू सदोष नसली तरी तिच्या उपयोगाबद्दल खोटं सांगून ती विकणं ही अनुचित व्यापारी प्रथाच आहे, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘मक्खन’ इथेच कामाला येतं.

विक्रेत्याने कार्ड निम्म्या किमतीत परत घेण्याची तयारी दाखवली होती, जणू उपकारच. ती नाकारून तक्रार नोंदवली आहे. त्याचं उत्तर आलेलं नाही, आणि दुकानाच्या फलकावर ‘डीटीपी व डिझायनिंगसाठी खास पीसी’ ही ओळ अजून आहे.