‘क्लिअर डेटा’ दाबण्याआधी थांब गं

हे बघ, ॲप सारखं बंद पडतंय म्हणजे तुझ्या हातून काहीतरी भलतंच दाबलं गेलं, हे आधी डोक्यातून काढून टाक. शाळेची फी, गॅसचा नंबर, भाजीवाल्याचे पैसे, डॉक्टरांची वेळ, सगळं आपण त्या एका फोनात कोंबून ठेवलंय. ते उघडता उघडता मिटायला लागलं की पोटात गोळा येणारच. पण खरं सांगू का, ॲप बंद पडल्याने फारसं काही जात नाही. जातं ते त्यानंतर घाबरून आपण जी बटणं दाबत सुटतो त्यांनी. मी तर पूर्वी फोन तळहातावर आपटून बघायचे! ॲप काही सुधारलं नाही, स्क्रीनगार्ड मात्र नवा आणावा लागला.

तेव्हा आधी एवढंच बघ, की एकच ॲप रुसलंय का चार-पाच? एकच असेल तर दोष बहुधा त्या ॲपचा. चार-पाच एकदम पडत असतील तर एकेका ॲपमागे लागू नकोस, मूळ दुसरीकडे असतं. मार्च २०२१ मध्ये जगभरातल्या अँड्रॉइड फोनांवर जीमेलसकट कितीतरी ॲप्स उघडली की लगेच बंद व्हायला लागली होती. दोष निघाला ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’ नावाच्या एका भागात. ॲपच्या आतल्या आत वेबपान दाखवायचं काम तो करतो, आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं. गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोमचं नवं अपडेट दिलं आणि गाडी रुळावर आली. म्हणजे ज्यांनी घाबरून जीमेल काढून परत टाकलं असेल, त्यांची मेहनत फुकटच गेली. म्हणून सगळंच कोलमडलं की प्ले स्टोअरमध्ये जाऊन वेबव्ह्यू आणि क्रोम ताजे आहेत ना, हे बघायचं आणि फोन एकदा बंद करून चालू करायचा. हसू नकोस, या एका उपायाने निम्मी दुखणी पळतात.

एकच ॲप असेल तर त्याच्या चिन्हावर बोट दाबून धर, ‘ॲप इन्फो’ येईल. तिथे ‘फोर्स स्टॉप’ आहे, ते दाब. ‘ॲप नीट चालणार नाही’ अशी धमकी फोन देतो, तिला भीक घालू नकोस. आत्ता तरी कुठे नीट चालतंय? मग ॲप परत उघड. नाही जमलं तर प्ले स्टोअरमध्ये त्याचं अपडेट आलंय का बघ. काल रात्री अपडेट झालं आणि आज सकाळपासून पडतंय, असं असेल तर घोळ ॲप बनवणाऱ्यांचाच. अशा वेळी एक-दोन दिवस कळ काढायची, दुसरं अपडेट येतं.

यानंतर येतं ते ‘स्टोरेज’. इथे बघ हं, दोन बटणं शेजारी शेजारी असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ‘क्लिअर कॅश’ म्हणजे ओट्यावरचा पसारा आवरणं. ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणजे फडताळातले डबेसुद्धा रिकामे करून टाकणं. कॅश बिनधास्त साफ कर. भरभर उघडावं म्हणून ॲपने बाजूला काढून ठेवलेल्या त्या गोष्टी असतात, लागतील तशा परत जमतात. डेटाला हात लावायचा तर आधी स्वतःला विचार, यातलं काय फक्त याच फोनात आहे? जीमेल किंवा खरेदीचं ॲप असेल तर फार काही नाही, परत लॉगिन केलं की सगळं हजर. पासवर्ड मात्र आठवतोय ना, ते आधी बघ. पण व्हॉट्सॲप, हिशेबाची वही म्हणून वापरतेस ते छोटं ॲप, किंवा ऑफिसच्या लॉगिनला कोड देणारं ॲप, यांचं भांडार फोनातच असू शकतं. तिथे घाई नको.

व्हॉट्सॲपचं तर नीटच सांगते. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, इथे शेवटच्या बॅकअपची तारीख दिसते. ती आजची किंवा कालची हवी. अँड्रॉइडवर हा बॅकअप तुझ्या गूगल खात्यातल्या १५ जीबी फुकट जागेतच धरला जातो. फोटोंनी ती जागा भरली की बॅकअप अडतो आणि आपण मात्र सुरक्षित आहोत अशा समजुतीत असतो. तारीख ताजी असेल तरच ॲप काढून परत टाक; तोच नंबर, तेच गूगल खातं, आणि विचारलं की ‘रिस्टोअर’.

आता मूळ दुखण्याकडे ये. फोनात जागा किती उरलीय? अगदी काठोकाठ भरला असेल तर कॅमेऱ्यापासून बँकेपर्यंत कुठलंही ॲप दगा देऊ शकतं, कारण प्रत्येकाला काम करताना थोडी मोकळी जागा लागते. व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघड. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स वेगळ्या काढलेल्या दिसतील. शाळेच्या गॅदरिंगचा तोच व्हिडिओ तीन ग्रुपवर आलेला असतो बघ, आणि वर सकाळची सुविचारांची फुलं. उडव खुशाल, काकू विचारणार नाहीत. आयफोनवाल्यांना क्लिअर कॅशचं बटण नसतं, पण ‘आयफोन स्टोरेज’मध्ये ‘ऑफलोड ॲप’ असतं. त्याने ॲप जातं, त्यातली माहिती राहते, आणि मग ते ताजं करून परत घेता येतं.

पैशांच्या ॲपचं जरा वेगळं असतं. पैसे पाठवताना मधेच बंद पडलं तर दुकानदार समोर उभा आहे म्हणून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नकोस. आधी बँकेचा मेसेज बघ किंवा खात्यातली शिल्लक बघ. खात्यातून गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. माणसाला पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, दुकानात दिलेले पाच दिवसांत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची. ॲपमधल्या त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार टाक आणि व्यवहाराचा नंबर लिहून ठेव. ॲप काढून परत टाकायचंच असेल तर आधी यूपीआय लाइटमधले पैसे खात्यात वळव, आणि बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनात असू दे. परत नोंदणी करताना त्या सिमवरून मेसेज जातो, म्हणून त्यात थोडा बॅलन्सही लागतो.

आणि एक, इथे मी मोठ्या बहिणीच्या हक्काने दटावणारच आहे. वैतागून गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधायचा नाही. चोर तिथेच जाळं लावून बसलेले असतात. ‘मॅडम, एक ॲप टाका, तुमची स्क्रीन आम्हाला दिसेल, आम्ही दुरुस्त करतो,’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवून दे. मेसेजमधून आलेली एपीके फाइल तर उघडायचीच नाही, मग ती बँकेच्या नावाने येवो नाहीतर लग्नपत्रिका म्हणून. मदत हवी तर नंबर ॲपच्या आतून किंवा पासबुकावरून घे. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. चुकून फसलीसच तर लाज धरून गप्प बसू नकोस, तडक १९३० ला फोन लाव. जितक्या लवकर लावशील तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता ऊठ. फोन चार्जिंगला लाव, वायफाय चालू कर, अपडेट होईतो कुकर लावून घे. भाजीवाल्याला आज रोख दे, काही बिघडत नाही. बॅकअपची तारीख काय दिसली ते मला संध्याकाळी कळव, आणि व्हॉट्सॲप तेव्हाही उघडत नसेल तर साधा फोन कर गं, तो अजून चालतो!