समुद्रकाठचे अरण्य

कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हर नावाचे एक मोठे बंदर आहे. या शहरातील उंच इमारतींची रांग जेथे संपते, तेथेच एका घनदाट अरण्यास आरंभ होतो. तिन्ही बाजूंनी समुद्राचे पाणी आणि मध्ये सुमारे ४०० हेक्टर वनभूमी, असे हे द्वीपकल्प म्हणजेच स्टॅन्ली पार्क. उद्यान म्हटले की हिरवळ, कारंजी आणि फुलांचे ताटवे डोळ्यांपुढे उभे राहतात. येथे फुलांचे ताटवेही आहेत. परंतु उद्यानाचा बहुतेक भाग आकाशाला भिडणाऱ्या वृक्षांनी व्यापलेला आहे.

व्हँकूव्हरची नगरपालिका १८८६ साली स्थापन झाली. तेव्हा गाव लहान होते आणि हाती पैसाही बेताचाच होता. तरीदेखील नगरपालिकेने अगदी आरंभीच एक दूरदृष्टीचा ठराव केला. लष्करासाठी राखून ठेवलेले हे द्वीपकल्प उद्यानासाठी मिळावे, अशी मागणी तिने सरकारकडे केली. पुढच्याच महिन्यात लागलेल्या आगीत जवळजवळ सारे गाव जळून खाक झाले. पण मागणी टिकून राहिली. २७ सप्टेंबर १८८८ रोजी उद्यान लोकांसाठी खुले झाले आणि त्या वेळचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांचे नाव त्यास देण्यात आले.

उद्यानाच्या काठाकाठाने एक दगडी भिंत बांधलेली असून तिच्यावरून सुमारे ९ किलोमीटर लांबीचा मार्ग जातो. पादचाऱ्यांची वाट वेगळी आणि सायकलींची वेगळी. सायकलस्वारांनी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच जावयाचे, असा तेथील नियम आहे. त्यामुळे समोरासमोर टक्कर होण्याचे भय राहत नाही. अलीकडे विजेवर चालणाऱ्या सायकलीही येथे पुष्कळ दिसतात. अशा सायकलीत एक विद्युत्घट आणि लहानशी मोटार असते. स्वार पायडल मारू लागला म्हणजे मोटार त्याला हातभार लावते. वृद्धांना आणि अशक्त माणसांना ती मोठीच सोय झाली आहे. काठाचा मार्ग सपाट असल्यामुळे धडधाकट माणसाला तिची फारशी गरज नाही. पण आतल्या चढणीच्या रस्त्याने प्रॉस्पेक्ट पॉइंट या उंच कड्यावर जावयाचे असेल, तर तीच सायकल वरदान वाटते. सायकलीवरून साऱ्या काठाची प्रदक्षिणा तासाभरात होते. पायी निघालेल्यास अडीच-तीन तास तरी हवेतच.

मार्गाच्या आरंभीच एक जुनी तोफ लागते. ही १८१६ साली इंग्लंडमध्ये ओतलेली आहे. रोज रात्री ठीक नऊ वाजता ती उडते. पूर्वी बंदरातील जहाजांवरचे खलाशी तिच्या आवाजावर आपली घड्याळे लावीत असत. जवळच कोरीव लाकडाचे उंच स्तंभ उभे आहेत. गरुड, अस्वल, देवमासा अशा आकृती त्यांवर कोरलेल्या आहेत. हजारो प्रवासी त्यांच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात आणि पुढे निघून जातात. या स्तंभांची गोष्ट मात्र घाईत समजणारी नाही.

उद्यान होण्यापूर्वी हे अरण्य निर्मनुष्य नव्हते. मस्कीम, स्क्वामिश आणि त्स्लेवाटूथ या आदिवासी जमातींचा येथे पिढ्यान्‌पिढ्या वावर होता. तोफेच्या पुढे थोड्या अंतरावर आज मोकळी हिरवळ दिसते. तेथे ख्वायख्वाय नावाचे गाव होते. गावकरी समुद्रातून शिंपले वेचून आणीत, आतले मांस खात आणि कवच टाकून देत. अशा कवचांचे जाडच्या जाड थर शतकानुशतके तेथे साचले होते. १८८८ साली उद्यानाभोवतीचा रस्ता करणाऱ्यांनी ते थर उकरले आणि तीच कवचे रस्त्यावर पसरली. रस्ता पांढराशुभ्र दिसू लागला. पण ज्या गावाच्या अंगणातून तो गेला, त्या गावास मात्र उठावे लागले. इतर ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबांवर पुढे खटले भरण्यात आले. १९२५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. टिम कमिंग्ज आणि त्यांची बहीण यांना तेवढी राहू देण्यात आले. टिम १९५८ साली वारले. ते या उद्यानातील अखेरचे रहिवासी होत.

आश्चर्य असे की, येथल्या मूळच्या माणसांना बाहेर काढले जात होते, त्याच काळात ते कोरीव स्तंभ मात्र दूर उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून मुद्दाम आणून येथे उभारण्यात आले. ते ज्या जमातींचे होते, त्या जमाती या भूमीवर कधीच राहत नव्हत्या! ही विसंगती दूर होण्यास फार काळ लागला. २००८ साली सुझन पॉइंट या आदिवासी शिल्पकर्तीने घडविलेली तीन लाकडी प्रवेशद्वारे स्तंभांजवळ उभी राहिली. त्यांच्या रूपाने याच किनाऱ्यावरील लोकांच्या कलेस तेथे स्थान मिळाले.

आणखी पुढे गेल्यावर १९३८ साली खुला झालेला लायन्स गेट हा झुलता पूल डोक्यावरून जातो. येथे समुद्राचा पट्टा अरुंद आहे. ये-जा करणाऱ्या जहाजांमुळे उठणाऱ्या लाटा काठावर आदळत आणि किनारा झिजत चालला होता. तो वाचविण्यासाठी १९१७ साली भिंतीचे काम सुरू झाले. काम मोठे चिकाटीचे. पाया घालावयाचा तर ओहोटीच्या वेळीच. भरती आली की हत्यारे उचलून वर यावयाचे. स्कॉटलंडात जन्मलेले जेम्स कनिंगहॅम हे पाथरवट १९३१ पासून या कामावर देखरेख करू लागले. १९५५ साली ते निवृत्त झाले. पण त्यांचे मन काही भिंतीवरून निघेना. १९६३ साली मृत्यू येईपर्यंत ते कामावर लक्ष ठेवून होते. त्यांच्या हयातीत भिंत पुरी झाली नाही. उद्यानाभोवतीचे कडे १९७१ साली जुळले. सिवॉश खडक नावाचा एक सुळका पाण्यात एकटाच उभा आहे. त्याच्याजवळ कनिंगहॅम यांच्या स्मरणार्थ बसविलेला लेख वाचावयास मिळतो. वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराच्या नजरेतून तो हमखास सुटतो.

भिंत पुरी झाली म्हणून समुद्राने आपला हट्ट सोडला आहे, असे नाही. ७ जानेवारी २०२२ रोजी मोठी भरती आणि वादळ एकाच वेळी आले. लाटांनी ओंडके आणि दगड मार्गावर फेकले व मार्ग ठिकठिकाणी उखडला गेला. लागलीच डागडुजी सुरू झाली. दुरुस्तीचे काम येथे कायमचेच आहे.

आतल्या वनात जावयाचे तर सायकल बाहेर ठेवलेली बरी. तेथील बहुतेक पायवाटा पादचाऱ्यांसाठीच राखलेल्या आहेत. आत पाऊल टाकताच शहराचा गलबला मंदावतो. डग्लस फर, हेमलॉक आणि तांबडा सीडर यांच्या दाट छायेत दुपारीही अंधारून आल्यासारखे वाटते. पाहणाऱ्यास वाटते, या रानास कधी कुऱ्हाड लागलीच नसेल. परंतु जरा थांबून निरखले, की पुरुषभर उंचीचे प्रचंड बुंधे दिसू लागतात. त्यांच्या अंगात चौकोनी खाचा आहेत. उद्यान होण्यापूर्वी लाकूडतोडे अशा खाचांत फळ्या खोचून त्यांवर उभे राहत आणि झाड कापीत. कापलेले ओंडके बैलांकडून ओढून नेण्यासाठी त्यांनी वाटा पाडल्या होत्या. आजच्या कित्येक पायवाटा त्याच होत.

वनावरची संकटे तेथेच संपली नाहीत. डिसेंबर २००६ मधील झंझावाताने सुमारे १० हजार झाडे आडवी झाली. पुढे एका पतंगाच्या अळ्यांनी हेमलॉकची पाने खाऊन टाकली. वाळलेली झाडे वाटसरूंच्या अंगावर पडतील किंवा वणवा पेटेल, या भीतीने २०२३ पासून ती तोडण्यात येऊ लागली. झाडे तोडावीत की नाहीत, यावरून शहरात मोठा वाद माजला.

तोडलेल्या जागी नवी रोपे लावण्यात आली आहेत. काही रोपांना मात्र कोणीच लावलेले नाही. जुने बुंधे पावसाने भिजून कुजतात, त्यांच्यावर शेवाळ चढते आणि हेमलॉकचे बी वाऱ्याने येऊन तेथेच रुजते. लाकूडतोड्यांनी दीडशे वर्षांपूर्वी पाडलेल्या खाचा ज्या बुंध्यांवर आहेत, त्यांच्याच माथ्यावर आज उंच झाडे उभी आहेत आणि त्यांची मुळे जुन्या बुंध्याला कवटाळून खाली मातीत उतरली आहेत.