गाणं बदल, गाण्याची रीत नको

कुंडल, ता. पलूस

चि. सोनू हिस,


तुला ऑर्केस्ट्रात गायला बोलावलंय आणि भजनातल्या मुलीनं तिकडं जाऊ नये असं घरात म्हणतात, हे कळलं. माझं मत विचारलंस. जरूर जा. आपल्या कुंडलला तरी हे परकं वाटू नये. स्वातंत्र्यलढ्यात इथल्या प्रतिसरकारचा विचार शाहीर निकमांनी पोवाड्यांतूनच गावोगाव नेला. गाणं देवळाबाहेर पडल्यानं बाटत नाही.

पण जाताना भजनातली रीत सोडून जाऊ नकोस. अमेरिकेची गायिका अरेथा फ्रँकलिन हिचं आयुष्य त्यासाठी समजून घे. तिचे वडील डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. ती तिथंच गात वाढली. तिथलं गॉस्पेल हे भक्तिगायन आपल्या भजनाच्या जवळचं : एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची, भाव दाटेल तसा शब्द लांबवायचा. १९६० मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं तिला घेतलं, पण गाणी गुळगुळीत करून गाऊन घेतली. सहा वर्षांत गुणांच्या मानानं यश मिळालं नाही. १९६६ च्या अखेरीस ती अटलांटिक कंपनीत गेली. तिथं निर्माते जेरी वेक्सलरनी तिला पियानोपाशी बसवलं आणि तिच्या पद्धतीनं गाऊ दिलं. गायक ओटिस रेडिंगचं ‘रिस्पेक्ट’ तिनं बहिणींच्या साथीनं गायलं आणि ते देशात पहिल्या क्रमांकावर पोचलं. गाण्यात देवाचं नाव नव्हतं, पण गाण्याची रीत चर्चमधलीच होती. याच गायकीला ‘सोल’ म्हणतात.

आपल्याकडं प्रल्हाद शिंदे पाहा. विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, कव्वाली, सगळं त्यांनी एकाच मोकळ्या, भरदार आवाजात गायलं. ऐकणारा बदलला म्हणून गळा बदलला नाही. म्हणूनच त्यांचा आवाज आजही घराघरांत ओळखतात.

आता तुझ्यापुरतं सांगतो. रेकॉर्डमधल्या गायिकेची नक्कल करू नकोस. नवं गाणं आधी टाळावर म्हणून बघ, शब्दाचा अर्थ गळ्यात उतरला की मगच ट्रॅकवर घे. साथीदारांचं ऐकत गा; भजनी मंडळात तू तेच शिकलीस. बिदागी आधी ठरवून घे, त्यात संकोच नको. अरेथा तर मानधन रोख हातात पडल्याशिवाय मंचावर जात नसे.

आणि एकादशीचं भजन चुकवू नकोस. कीर्ती शिगेला असताना, १९७२ च्या जानेवारीत अरेथा लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गॉस्पेल गायली. तिचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम तोच ठरला. मंडळात तुला कुणी टाळ्या देत नाही, चूक मात्र लगेच दाखवतं. गाणाऱ्याला अशी चूक दाखवणाऱ्यांची गरज शेवटपर्यंत असते.

पहिल्या कार्यक्रमाची गाणी ठरली की यादी पाठव. आपण दोघं मिळून चाली पक्क्या करू.

तुझा,
मामा