वाहतूक चालू ठेवून पुलाची पुनर्बांधणी

पाटणा आणि हाजीपूर यांच्यामधून गंगा वाहते. 1982 साली तिच्यावर महात्मा गांधी सेतू खुला झाला आणि उत्तर बिहारच्या जनतेचे राजधानीकडे जाणे सुकर झाले. साडेपाच किलोमीटरहून अधिक लांबीचा हा पूल मात्र लवकरच जर्जर झाला. प्रत्येक खांबाच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे बाहू पसरलेले आणि समोरासमोरच्या बाहूंची टोके गाळ्याच्या मध्यावर बिजागरीने सांधलेली, अशी त्याची रचना होती. पोलादी तारांचा ताण घटला, टोके खाली झुकली, बिजागऱ्या निकामी होऊ लागल्या. डागडुजी वेळोवेळी झाली. परंतु मूळ दोष तसाच राहिला.

पूल बंद करणे म्हणजे धान्य, भाजीपाला आणि रुग्ण यांची वाट अडविणे होते. सुदैवाने हा सेतू म्हणजे शेजारी-शेजारी उभे असलेले दुपदरी दोन पूलच होत. पाया व खांब राखून केवळ वरचा भाग बदलावा, तोही एका वेळी एकाच बाजूचा, असे ठरले. काँक्रीटच्या जागी पोलादी सांगाडा आला. तो वजनाने हलका असल्याने जुन्या पायावरील भार उलट कमीच झाला.

2017 मध्ये पश्चिमेकडील बाजूचे काम सुरू झाले. खरी कसोटी येथेच होती. दोन्ही दिशांची वाहतूक ज्या पूर्व बाजूवर आली, तीही त्याच रोगाने ग्रासलेली होती. म्हणून अवजड वाहनांवर नियंत्रण ठेवणे भाग पडले. असे बाहू उतरवितानाही खांबाच्या दोन्ही अंगांचा तोल सांभाळावा लागतो. एकच बाजू आधी कापून चालत नाही. 31 जुलै 2020 रोजी नवी पश्चिम बाजू खुली झाली, वाहतूक तिच्यावर वळविण्यात आली आणि 7 जून 2022 रोजी पूर्व बाजूही पूर्ण झाली.

आपल्या ओढ्यावरील पुलाला अशी दुसरी बाजू नसते. तेथे पात्रात नळ्या टाकून वळणरस्ता करावा लागतो आणि पहिल्या मोठ्या पुरात तो बहुधा वाहून जातो. त्यामुळे दुरुस्तीचा प्रस्ताव उन्हाळ्यात पाठवून भागत नाही. पावसाळा ओसरताच पुलाची पाहणी व्हावी आणि दिवाळीनंतर काम सुरू व्हावे. वजनमर्यादेचा फलकही पुलाच्या तोंडाशी नव्हे, तर ट्रक वळू शकेल अशा अलीकडच्या फाट्यावरच लावावा.