आय-फाइव्ह की आय-सेव्हन?

पुणे

चि. सोनू यास,


तुझा मेसेज पोचला, दोन्ही लॅपटॉपचे फोटोही पाहिले. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार म्हणतो, १२,००० जास्त टाका, आय-सेव्हन न्या, पुढची पाच वर्षं बघायला नको. आणि दादा म्हणतो, ‘बारा हजार काय झाडाला लागतात का?’ बापलेकांनी मिळून मला पंच केलंत, तर निकाल आधी ऐक : आय-फाइव्ह घे. दादाचे पैसे वाचावेत म्हणून हे सांगत नाहीये. ते पैसे खर्चच करायचेत, फक्त दुसरीकडे.

फोटोतली बारीक अक्षरं बघ. एकावर आय-फाइव्ह १३३५यू लिहिलंय, दुसऱ्यावर आय-सेव्हन १३५५यू. दोन्ही इंटेलच्या एकाच पिढीतले, २०२३ च्या सुरुवातीला आलेले. दोन्हींत १० कोअर, १२ थ्रेड, १२ एमबी कॅश. मूळ वीजमर्यादाही सारखीच, १५ वॅट. कमाल वेग मात्र एकाचा ४.६ गिगाहर्ट्झ आणि दुसऱ्याचा ५.०. म्हणजे जेमतेम नऊ टक्के जास्त. एखादं काम पूर्णपणे प्रोसेसरवरच अडलेलं असेल, तर मिनिटाऐवजी ५५ सेकंदांत होईल. तुझी किती कामं अशी असतात? पान उघडायला वेळ लागतो तो बहुतेक वेळा नेटमुळे. शिवाय हा कमाल वेग टिकत नाही. चिप तापली की लॅपटॉप स्वतःच वेग उतरवतो, आणि डोंबिवलीच्या मे महिन्यात तो तापणारच. (गादीवर ठेवून वापरतोस तेही बंद कर, खालची जाळी बुजते.)

खरं तर आय-फाइव्ह, आय-सेव्हन या नावांवर जाऊच नये. त्याच पिढीतल्या आय-फाइव्ह १३४०पी मध्ये १२ कोअर आहेत, तुझ्या आय-सेव्हनपेक्षा दोन जास्त! शेवटचं अक्षर बरंच काही सांगतं : ‘यू’ कमी विजेवर चालणारा, ‘पी’ त्याच्या वरचा, ‘एच’ त्याहूनही दांडगा. ‘यू’वरून ‘एच’वर जायला दुकानदारानं १२,००० मागितले असते, तर मी वेगळं पत्र लिहिलं असतं. तू दिवसभर व्हिडिओ एडिट करणारा असतास, तरी वेगळंच लिहिलं असतं.

आता एक कर. घरच्या जुन्या लॅपटॉपवर रोजचा पसारा मांड : क्रोमच्या वीस टॅब, अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर, एखादं यूट्यूब लेक्चर. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघड. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू आणि मेमरी, दोन्हींचे आलेख दिसतील. लॅपटॉप अडकतो त्या क्षणी कोण वर टेकलंय ते बघ. माझा अंदाज, मेमरी. रॅम भरली की विंडोज तिच्यातला माल डिस्कवर हलवायला लागतं, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद. तू ज्याला ‘हँग झाला’ म्हणतोस ते बऱ्याचदा हेच असतं. तिथे ५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसरही हात बांधून वाट बघत बसतो.

तुझ्या फोटोतल्या दोन्ही मशिनमध्ये रॅम ८ जीबीच आहे, तीही एकच स्टिक. आय-सेव्हनची दुसरी बढाई म्हणजे आतलं ग्राफिक्स, ८० ऐवजी ९६ युनिटचं. पण ते आयरिस एक्सई ग्राफिक्स पूर्ण जोरात चालायला मेमरीचे दोन्ही चॅनेल भरलेले लागतात. एका स्टिकवर तेही अर्धपोटी. म्हणजे महाग प्रोसेसर घ्यायचा आणि त्याला उपाशी ठेवायचं. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

राहिलं ते ‘फ्युचर-प्रूफ’. विंडोज ११ आलं २०२१ मध्ये, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं इंटेलची रेघ साधारण आठव्या पिढीवर ओढली. सातव्या पिढीचा आय-सेव्हन ७५००यू रेघेबाहेर राहिला आणि आठव्या पिढीचा साधा आय-थ्री ८१३०यू आत बसला. त्या आय-सेव्हनला कोअर होते दोन. वर्षभरातच आलेल्या आय-फाइव्ह ८२५०यू ला चार. ज्यांनी पदरचे जास्त पैसे घालून आय-सेव्हन घेतला, त्यांना एक दिवसही जास्त मिळाला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला तो सगळ्यांसाठी एकदमच.

तेव्हा उद्या काउंटरवर प्रोसेसरचा विषयच काढू नकोस. विचार : रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का, की रॅम बोर्डावरच सोल्डर केलीय? सोल्डर असेल तर १६ जीबीचंच मॉडेल माग, नाहीतर ते मशीन सोड. स्लॉट असेल तर ८ ची दुसरी स्टिक तिथेच बसवून घे. रॅमचे भाव हल्ली फार वरखाली होतात, म्हणून शेजारच्या दोन दुकानांत विचारून मगच दे. एसएसडी ५१२ जीबीची आहे ना, तेही बघ. उरलेल्या पैशांत पडझडीचं संरक्षण असलेली वाढीव वॉरंटी घे. रोज लोकलच्या गर्दीतून पाठीवर नेणार आहेस तो.

दुकानदार फारच गळ घालायला लागला तर त्याला म्हण, फरक दोन हजारांचा कर, आत्ता उचलतो. तेवढ्याला मीही घेईन.

बिल तुझ्या नावावर घे आणि त्याचा फोटो मला पाठव. वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या