मुलाच्या अंगाला सोल्यूशनचा वास येतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यात वस्तीतली एक आई पोराचा हात धरून माझ्याकडे आली. मुलगा नववीतला. "सिस्टर, याच्या अंगाला सोल्यूशनचा वास येतो. रात्री माळ्यावर एकटाच बसतो, विचारलं तर बोलत नाही. बघा जरा." भीती कशाची, ते तिने तोंडाने सांगितले नाही आणि सांगायची गरजही नव्हती. पंक्चरचे सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर रुमालावर घेऊन हुंगणारी पोरे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

मी मुलाला नीट पाहिले. तोंडा-नाकाभोवती पुरळ नव्हते. बोलणे अडखळत नव्हते, चाल सरळ होती, शाळा चालू होती. बोटांच्या शेंड्यांवर मात्र कडक पांढरे पापुद्रे होते. "काय करतोस ते दाखव," म्हटले आणि आम्ही तिघे माळ्यावर चढलो. बुटाच्या खोक्यात जहाज होते! पुठ्ठ्याचे अंग, आईस्क्रीमच्या काड्यांचा डेक, बांबूच्या काड्यांच्या तीन डोलकाठ्या, शिवणाचा दोरा. आई मटकन खालीच बसली.

हा छंद जगभर आहे. खऱ्या जहाजाची मापे घ्यायची, सगळी एकाच प्रमाणात लहान करायची आणि तसेच्या तसे जहाज बांधायचे. या पोराने मोबाइलवर 'ट्रिंकोमाली'चे चित्र पाहिले होते. हे जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानातून बांधले. १८१७ साली ते पाण्यात उतरले आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. लांबी सुमारे ४६ मीटर. खोक्यात मावावे म्हणून त्याने एकास दोनशे हे प्रमाण धरले, म्हणजे जहाज २३ सेंटिमीटरचे झाले. या मापात साडेपाच फुटांचा खलाशी जेमतेम आठ मिलिमीटरचा होतो. गुणोत्तर-प्रमाणात नापास होणाऱ्या मुलाने हे हिशेब वहीच्या मागच्या पानावर केले होते.

अशा कामाने मनाला आधार मिळतो, याचा जुना दाखला आहे. नेपोलियनच्या काळात इंग्लंडने हजारो फ्रेंच कैदी पकडून ठेवले होते. पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस इथे १७९७ पासून त्यांची मोठी छावणी होती. सुटका कधी होईल हे कोणालाच माहीत नव्हते. जेवणातल्या मांसाची हाडे साफ करून, तासून त्यांनी जहाजे बांधली, तोफांसकट. दोरखंडांसाठी केस वापरले. छावणीच्या बाजारात ती विकून चार पैसेही मिळवले. त्यातली काही पीटरबरोच्या संग्रहालयात आजही आहेत. वॉर्डात मी महिनोन्महिने खाटेवर पडलेली माणसे पाहिली आहेत. ज्याच्या हाताला काही काम असे, मग ते विणकाम असो की कागदाच्या फुलांचे, त्याची रात्र जरा बरी जाई.

पण आईची भीती अगदीच खोटी नव्हती. पोरगा जहाज चिकटवायला पंक्चरचेच सोल्यूशन वापरत होता, तेही खिडकी नसलेल्या माळ्यावर. असल्या सोल्यूशनमध्ये आणि थिनरमध्ये बहुतेक वेळा टोल्युइन असते. नशेसाठी हुंगा किंवा नकळत श्वासात जाऊ द्या, फुप्फुसाला दोन्ही सारखेच. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. रोज आणि फार दिवस गेले तर मेंदू, नसा, मूत्रपिंड यांना इजा होते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरते. माळ्याखाली गॅसची शेगडी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

म्हणून सोल्यूशन बंद केले आणि साधा पांढरा फेविकॉल आणला. त्यात पाणी असते, वाफेचा त्रास नाही. सुकायला वेळ लागतो, तेवढा वेळ कपड्याचे चिमटे लावून ठेवायचे. घाई असणाऱ्याने हा छंद धरूच नये!

फेवीक्विक वापरायचेच तर दारात बसून, थेंबभर. ते सुती कपड्यावर सांडले तर कापड इतके तापते की कातडी भाजते. बोटे चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा. डोळ्यात उडाले तर पापण्या जबरदस्तीने उघडू नका, नेलपॉलिश रिमूव्हर तर डोळ्याजवळही नेऊ नका. स्वच्छ कोमट पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, वर ओला स्वच्छ कपडा ठेवा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

लाकूड घासताना उडणारी बारीक धूळ साध्या रुमालाने अडत नाही. एन-९५ मास्क लावा, दाराबाहेर घासा, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. ज्या घरात दम्याचा माणूस आहे तिथे तर आत घासणे नकोच. ब्लेड आपल्या अंगाकडे ओढू नका. कापले तर वाहत्या पाण्याखाली धुवा, आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवत नसेल तर दवाखान्यात विचारा. घरात रांगते बाळ असेल तर मणी-खिळे झाकणाच्या डब्यात ठेवा.

चाळिशीनंतर जवळचे दिसत नाही. माझेही तसेच. डोळे बारीक करून बसण्यापेक्षा चष्मा लावा, उजेड बाजूने घ्या, दर वीस मिनिटांनी मान वर करून गल्लीच्या टोकाकडे पाहा.

आता ज्यांच्या घरी खरोखर हुंगण्याची शंका आहे त्यांच्यासाठी. कपड्याला वास, तोंडाभोवती पुरळ, लाल डोळे, दारू न पिता झोकांड्या, लपवलेले रुमाल किंवा प्लास्टिकच्या पिशव्या, अशा खुणा असतात. मूल हुंगताना सापडले तर अंगावर धावून जाऊ नका, पळवू नका, मारू नका. त्या क्षणी घाबरले किंवा धावले तर हृदयाची गती बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो. शांतपणे हातातले काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. बोलणे, विचारणे दुसऱ्या दिवशी. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात यावर उपचार होतात, आणि तिथे जाण्यात लाज नाही.

त्या मुलाला विहाराच्या ओट्यावर, उजेडात जागा करून दिली आहे. आई कामावरून येताना शिवणाचा उरलेला दोरा आणते. दोन डोलकाठ्यांचे दोर बांधून झाले आहेत, तिसरीचे चालू आहेत.