फुकट मिळालेल्या आज्ञावलीचे देणे

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील इयत्ता नववीच्या काही विद्यार्थ्यांनी मराठी शब्दकोड्यांची एक छोटीशी आज्ञावली संगणकावर तयार केली. शेजारच्या शाळांना देण्यासाठी ती पेन-ड्राइव्हवर उतरविताना तीत 'लायसन्स' नावाच्या तीन फायली आम्हांस दिसल्या. त्या निरुपयोगी समजून पुसून टाकावयास आम्ही सांगितले. "सर, ह्या काढू नयेत असे त्यांतच लिहिले आहे," असे एका विद्यार्थिनीने म्हटले, आणि कलाशाखेच्या पदवीधरास त्या सायंकाळी परवाने वाचणे भाग पडले.

विद्यार्थिमित्रहो, येथे 'लायब्ररी' म्हणजे ग्रंथालय नव्हे. अक्षरे जुळविणे, चित्र उघडणे अशी नेहमीची कामे करणाऱ्या तयार आज्ञांचा तो संच होय. मुक्तस्रोत लायब्ररीचा सोर्स कोड कोणासही पाहता, बदलता व वाटता येतो. परंतु तिचा कर्ता आपला स्वामित्वहक्क सोडून देत नाही. त्या हक्काच्या बळावरच तो परवानगी देतो आणि तिच्याबरोबर अटी घालतो. घरच्या घरी वापरताना ह्या अटी बहुधा आड येत नाहीत. प्रत दुसऱ्याच्या हाती दिली की त्या लागू होतात. आम्ही नेमक्या त्याच क्षणी फायली पुसावयास निघालो होतो!

'एमआयटी' परवाना सर्वांत सुटसुटीत. स्वामित्वहक्काची ओळ व परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीबरोबर असावा, एवढेच त्याचे मागणे. 'अपाचे'च्या २००४ सालच्या दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे, याखेरीज, आपण बदललेल्या फायलींवर तसे नमूद करावे लागते.

'जीपीएल'ची गोष्ट निराळी. शेजारणीकडील चमचाभर विरजणाने पातेलेभर दुधाचे दही होते, त्याप्रमाणे जीपीएल लायब्ररी जोडून एकजीव केलेली आज्ञावली वाटावयाची, तर ती सबंधच जीपीएलखाली द्यावी लागते. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीनुसार विक्रेत्याने सोर्स कोड बरोबर द्यावा, किंवा किमान तीन वर्षे मागेल त्यास तो देण्याची लेखी हमी द्यावी. 'एलजीपीएल' हा याचा सौम्य भाऊ. तेथे नियमाने जोडलेल्या लायब्ररीपुरताच हा आग्रह असतो.

येथे मोठ्या कंपन्याही ठेचाळल्या आहेत. लिंक्सिस कंपनीच्या 'डब्ल्यूआरटी५४जी' ह्या राउटरमध्ये लिनक्स व अन्य जीपीएल आज्ञावली असूनही सोर्स कोड दिलेला नाही, असे २००३ मध्ये उघडकीस आले. त्याच वर्षी सिस्कोने ती कंपनी विकत घेतली होती. म्हणजे जुने देणेही पदरात आले. बोभाटा झाल्यावर सोर्स कोड खुला झाला आणि त्यातूनच पुढे 'ओपनडब्ल्यूआरटी' ही आज्ञावली उभी राहिली. तरीही तक्रारी मिटल्या नाहीत. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला. मे २००९ मध्ये तडजोड होऊन कंपनीने परवान्यांवर देखरेखीसाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे मान्य केले. आमच्या हाती तर अवघा एक पेन-ड्राइव्ह होता, पण अट तीच.

आमच्या तीन फायलींपैकी दोन एमआयटीच्या व एक जीपीएलची निघाली. तेव्हा तिन्ही जागच्या जागी ठेवून मुलांचा सोर्स कोडही सोबत दिला. त्यात सर्व कोड्यांची उत्तरे उघडी लिहिलेली होती. ती आता शेजारच्या मुलांना आयती मिळणार, म्हणून कोडी रचणारा चार दिवस आमच्याशी धड बोलला नाही.